ऐकली. आभार.

जुन्या ब्लूज आणि रॉकच्या वेडापायी आम्ही पाच म्हातारे एका लाकडी पेटीला बांधलेले आहोत. पाच जण पाच गावांत. ज्याची पाळी असेल तो आपली लाडकी रेकॉर्ड पेटीत घालून पाठवतो. पेटी बाकीच्या चौघांकडे आठवडा आठवडा राहते, प्रत्येकानं ऐकून एका कार्डावर चार ओळी लिहायच्या आणि पेटी पुढं धाडायची.

बायको गेल्यापासून माझ्या घरात येणारं हातानं लिहिलेलं असं काही म्हणजे ही कार्डंच. खरं सांगायचं तर मला गाण्यांपेक्षा कार्डांची भूक जास्त. मला आवडलेलं गाणं आणखी कुणाच्या तरी खोलीत वाजतंय, एवढ्यावर माझं निभतं.

या खेपेला पाळी माझी होती. शुक्रवारी पेटी परत आली. आधी कार्डं वाचायची, ही माझी पद्धत. प्राध्यापकांनी लिहिलं होतं, ‘गिटार अक्षरशः रडते.’ दाढीवाल्यांनी लिहिलं होतं, ‘आवाजात तंबाखूही आहे आणि दुःखही.’ बँकवाले म्हणत होते, ‘दुसरी बाजू सरस. चार वेळा ऐकली.’ चौथं कार्ड कवळीवाल्यांचं. हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवतात आणि दर वेळी दोनच शब्द लिहितात, ‘ऐकली. आभार.’ अशा माणसाला आता वगळू या, असं प्राध्यापक गेल्याच महिन्यात फोनवर म्हणाले, आणि मी लगेच हो म्हटलं. म्हणून ते कार्ड न वाचताच बाजूला ठेवलं आणि रेकॉर्ड लावायला बाहेर काढली.

लेबल पाहिलं. ती बायकोची रेकॉर्ड होती. लग्नाआधी ती शॉर्टहँड शिकायची, तेव्हाची सरावाची. एक गृहस्थ संथ आवाजात व्यापारी पत्रं सांगतात, दोन्ही बाजूंना तेवढंच. मी ती अधूनमधून लावतो, का ते विचारू नका. पेटी भरली त्या दुपारी दोन्ही रेकॉर्ड लावल्या होत्या आणि ठेवताना कव्हरांची अदलाबदल झाली.

म्हणजे गिटार रडली ती खिळ्यांच्या मागणीपत्रावर. बँकवाल्यांनी चार वेळा काय ऐकलं, देव जाणे. आधी मला हसू फुटलं. मग ते तिथंच विरलं. इतकी वर्षं मी एकटाच वाजवत होतो आणि एकटाच ऐकत होतो, हे काही हसण्यासारखं नव्हतं.

मग ते चौथं कार्ड उचललं.

‘ऐकली. दोन्ही बाजू. गाणी नाहीत, पत्रं आहेत. लेबलवर पेन्सिलीच्या एकोणीस खुणा आहेत. कुणीतरी फार मन लावून शिकत होतं. आभार.’

मी चष्मा लावून खुणा मोजल्या. एकोणीसच होत्या. इतक्या वर्षांत मी त्या कधी मोजल्या नव्हत्या.

बाकी तिघांना फोन करून चांगलं झापावं म्हणून उठलो आणि निम्म्यातच थांबलो. मागच्या खेपेला पेटीत कवळीवाल्यांचीच रेकॉर्ड होती. तरुणपणी ऐकलेली, म्हणून मी ती लावलीच नाही. आठवडाभर टेबलावर पडून होती. परत पाठवताना मात्र कौतुकाच्या सहा ओळी खरडल्या. आणि आता मी नाकानं कांदे सोलायला निघालो होतो.

फोन लावला तो कवळीवाल्यांना.

“तुमची मागची रेकॉर्ड पुन्हा पाठवाल का?” मी विचारलं.

“पाठवतो की. फक्त दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात सुई अडकते. तीच ओळ फिरत राहते. हातानं उचलून पुढं ठेवावी लागते.”

मी जवळच्या कागदावर टिपून घेतलं, ‘दुसरी बाजू, तिसरं गाणं.’

“कार्डावर कुणीच तसं लिहिलं नव्हतं,” ते म्हणाले. “म्हटलं, माझ्याच प्लेयरचा दोष असेल. दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणाला, प्लेयर ठणठणीत आहे.”

“मी ऐकली नव्हती,” मी म्हणालो.

“हं,” ते म्हणाले.

त्यांच्या खोलीतलं घड्याळ मला ऐकू येत होतं. फोन मात्र त्यांनीही ठेवला नाही.