बंद पाकिटातली नीळ

वाटाडेबुवा कुणाकडून एक पैसा घेत नसत. हे ते दर रविवारी स्वतःच सांगत, त्यामुळे विसरायची कुणाची बिशाद नव्हती. मग त्यांना मिळत काय होतं? आठवड्याची चौदा जेवणं भक्तांच्या घरी. दाढी-कटिंग फुकट. पांढऱ्याशुभ्र झग्यांची धुलाई फुकट. आणि साठ-सत्तर घरांतून एकेक बंद पाकीट, ज्यात माणूस सख्ख्या भावालाही सांगणार नाही ते लिहून द्यायचा: घर विकू का, नोकरी सोडू का, मुलगा बोलत नाही तर काय करू. असा माल आपल्या पायांनी दारात येत असताना वर पैसे मागायला बुवा काय वेडे होते?

बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नसे. खिडक्यांना जाड पडदे, बुवांच्या पाठीमागे एकच मिणमिणता दिवा. लोक मनात प्रार्थना करून प्रश्न लिहायचे, पाकीट चिकटवायचे, ताटातल्या गठ्ठ्यावर ठेवायचे. बुवा सगळ्यांत वरचं उचलून कपाळाला लावायचे, डोळे मिटून पुटपुटायचे आणि मग विहिरीतून आल्यासारखा आवाज घुमायचा:

“वर विचारलंय... वरून आलंय... कुणीतरी जागेच्या व्यवहारात अडकलंय. आज्ञा झाली: थांब!”

“माझाच हो प्रश्न, माझाच!” कोपऱ्यातून घरांचा दलाल गहिवरून ओरडायचा.

मग बुवा ते पाकीट फोडायचे, कागदावर नजर टाकायचे, “अक्षर न् अक्षर हेच” म्हणून मान डोलवायचे, कागद झोळीत टाकायचे आणि पुढचं पाकीट कपाळाला. एकही उत्तर कधी चुकीच्या दारात गेलं नाही. लोक इतके नादी लागले होते, की चहात साखर किती घालू, एवढंच वर विचारायचं राहिलं होतं.

बुवांचे झगे धुणारी लाँड्रीवाली या गर्दीत पहिल्या रांगेत. नवी इस्त्री घेऊ का, असं तिनं एकदा विचारलं होतं. बुवा म्हणाले, थांब. महिन्याभरात किंमत उतरली. तेव्हापासून तिला झग्यांचे पैसे मागणंही पाप वाटू लागलं. आणि मोठ्या हौसेनं तिनंच धाकट्या बहिणीला तिथं नेलं.

धाकटी घरी बसून शर्टांना काजं करायची. सुईत दोरा ओवायचा तर पोट डोळ्यांवर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब वाढलाय, थेंब रोज घालायचे, जन्मभर. धाकटीनं पाकिटात विचारलं: घालू का? वरून आलं: “परक्या पाण्यानं ज्योत विझते. प्रार्थना कर.” थेंबांची बाटली मोरीत रिकामी झाली. उजवा डोळा न दुखता, न लाल होता, चोरपावलांनी गेला. कळलं तेव्हा आठ महिने उलटले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेला परत येत नाही. डाव्यातही दाब चढलाय, आता थेंबांनी भागणार नाही. ऑपरेशन बुधवारी.

“रविवारी विचारते,” धाकटी म्हणाली. “बुवा हो म्हणाले तर करते.”

“अगं, त्यांनीच तर तुझे थेंब—”

“माझाच विश्वास कमी पडला असेल, ताई. आणि तूच ना मला घेऊन गेली होतीस?”

लाँड्रीवालीनं चपला घातल्या आणि दुकानाची वाट धरली.

त्याच आठवड्यात लाँड्रीत घोटाळा झाला. गाठोड्यांना नंबराच्या पट्ट्या टाचताना एक पट्टी खाली पडली आणि तिथून प्रत्येक गाठोड्याला पुढच्याचा नंबर लागला. बेकरीवाल्याला बँडवाल्याची सोनेरी पट्ट्यांची पँट गेली, मास्तरीणबाईंना बेकरीवाल्याचा एप्रन. “बाई, हे घालून मी वर्गात जाऊ?” मास्तरीणबाई दुकानात येऊन कडाडल्या. लाँड्रीवाली सगळं निस्तरत बसली. कपडे सगळे स्वच्छ होते, एकही हरवला नव्हता. फक्त प्रत्येकाला आपल्या आधीच्याचा मिळाला होता.

तिचा हात इस्त्रीवर थांबला.

बुवा उत्तर आधी देतात, पाकीट मग फोडतात. वरच्यानं सांगितलं असेल तर फोडून बघायचं कशाला? तर पुढच्यासाठी! हे पाकीट फोडून वाचायचं आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर पुढचं पाकीट कपाळाला लावून द्यायचं. एक पट्टी सरकली की सगळी सरकली. मग पहिल्या पाकिटाला उत्तर कुणाचं द्यायचं? त्याला एक आपला माणूस हवा. तो कोण, हे तर तिच्या फळीवरच पडलं होतं: बुवांचे झगे आणि दलालाचे सदरे गेली दोन वर्षं एकाच गाठोड्यातून येत होते. हॉलमध्ये ओळख न दाखवणारी माणसं घरी एका दोरीवर वाळत होती.

सांगून कुणी ऐकलं नसतं. शिवाय तिला नुसतं सांगायचं नव्हतं. तिला ते बुवांच्या कपाळावर लिहायचं होतं.

रविवारी तिनं धाकटीचं पाकीट ताटात ठेवू दिलं, त्यावर आपलं ठेवलं. “या, तुम्ही या आता,” म्हणत बेकरीवाल्याला मागून पुढे घेतलं. त्याचं पाकीट सगळ्यांत वर पडलं.

पहिलं पाकीट कपाळाला लागलं; दलाल गहिवरला. बुवांनी ते फोडलं. दुसरं लागलं. “कुणाची भट्टी रुसली आहे?” बेकरीवाला उडालाच. बुवांनी दुसरं फोडलं, घडी उलगडली, बोटं जराशी चोळली आणि तिसरं उचलून कपाळाला दाबलं.

“एका भगिनीचं काळीज जळतंय... बहिणीचा डोळा गेला... ती विचारते, दोष कुणाचा? उत्तर आलं!” आवाज आणखी खोल गेला. “दोष तिच्या श्रद्धेचा. श्रद्धेत शंका मिसळली होती. चिमूटभर!”

शेजारी धाकटीनं हुंदका दिला. लाँड्रीवाली उठली. ते पडदे तिनंच धुतले होते; कोणती दोरी ओढायची ते तिला पाठ होतं. सर्रकन पडदा बाजूला झाला.

बुवांच्या घामेजल्या कपाळावर तीन निळी बोटं उमटली होती.

“शंका नाही बुवा, नीळ,” ती म्हणाली. “चिमूटभर. माझ्या पाकिटातल्या कागदाच्या घडीत घातली होती. तुमच्या बोटांना लागली, म्हणजे माझा कागद तुम्ही उलगडलात. आणि उत्तर आत्ता देताय! मग हे हातातलं पाकीट कुणाचं? न फोडता सांगा.”

“बाई... दिव्य लहरी... प्रकाशानं भंग पावतात.”

“पाकिटाचं चिकटवलेलं तोंड तर भंग पावलं नाही ना? मास्तरीणबाई, तुम्ही फोडा.”

मास्तरीणबाईंनी फोडलं, मोठ्यानं वाचलं. “‘डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू का?’ हे... हे धाकटीचं आहे.”

हॉलमध्ये कुजबुज उठली. लाँड्रीवालीनं पट्टी सरकल्याची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. एकाच गाठोड्याची गोष्ट दोन वाक्यांत. दलाल दाराकडे सटकला, तर दारात बेकरीवाला पिठाच्या पोत्यासारखा उभा.

“माझं घर विक म्हणाला हा,” मास्तरीणबाई बुवांकडे बोट करून सावकाश म्हणाल्या, “आणि घेतलं याच्या जोडीदारानं. मातीमोल!”

पण धाकटी जागची हलली नव्हती. “ताई,” ती पुटपुटली, “आज शक्ती गेली असेल त्यांची. त्या दिवशी असेल.”

लाँड्रीवालीनं बुवांचं मनगट पकडलं. पंचवीस वर्षं ओल्या चादरी पिळणारा हात होता तो. “सांगा हिला. त्या दिवशी थेंब नको, असं कोण म्हणालं?”

“बाई, माफ करा. पोटासाठी करतो.”

“पोट सगळ्यांनाच असतं. डोळे दोनच असतात. सांगता, की पोलिसांना बोलावू? का या सगळ्यांच्या हाती देऊ?”

बुवांनी भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. विहिरीतला आवाज कुठल्या कुठे गेला. उरला तो पातळ, चिरका. “मीच म्हणालो. तुमचा कागद वाचला आणि जे सुचलं ते बोललो.”

“पण नको का म्हणालात?” धाकटीनं विचारलं. सगळ्या सभेत तिचा आवाज सगळ्यांत शांत होता. “हो का नाही म्हणालात?”

बुवांनी झोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आधीच्या बाईंना औषध घ्या म्हणालो होतो. दोघींना लागोपाठ तेच सांगितलं असतं, तर बरं दिसलं नसतं.”

धाकटीनं आपला काळा चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “ताई, बुधवारी किती वाजता जायचंय?”

मास्तरीणबाईंच्या फोनवरून पोलीस आले, झोळी तपासली, बुवांचं घरही तपासलं. पाच वर्षांचे कागद निघाले. लाँड्रीत राहिलेल्या आठ झग्यांसाठी बुवांनी ठाण्यातून निरोप धाडला. लाँड्रीवालीनं ते फाडून फरशी पुसायला घेतले आणि कळवलं: “वर विचारलंय. उत्तर आलं, नाही.”

प्रार्थना करू नका, असं इथं कुणी म्हणत नाही. धाकटी आजही करते. हात जोडल्यानं मन थाऱ्यावर येत असेल तर खुशाल जोडा, आणि थाऱ्यावर आलेल्या मनानं डॉक्टरला विचारा, वकिलाला विचारा, चार शहाण्यांना विचारा. पण देवाच्या आणि तुमच्या मधे बसून कुणी तुमचं पाकीट फोडत असेल, तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका. हातांकडे पाहा. आणि एकदा तरी म्हणा: न फोडता सांगा.

आता कुणी काय भरलं ते पाहू. बुवांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कपाळाची नीळ तिसऱ्या आंघोळीला निघाली. दलाल जामिनावर सुटला. मास्तरीणबाईंचं घर कोर्टात अडकलंय, त्या भाड्यानं राहतात. लाँड्रीवाली रोज सकाळी-संध्याकाळी धाकटीच्या डाव्या डोळ्यात स्वतःच्या हातानं थेंब घालते, आणि तूच ना मला घेऊन गेली होतीस, हे वाक्य धाकटी पुन्हा कधी बोलली नाही, तरी लाँड्रीवालीला ते रोज ऐकू येतं. डावा डोळा वाचला. सुईत दोरा आता तिसऱ्या-चौथ्या खेपेला जातो.

बुवांनी घेतला नव्हता तो एक पैसा असा फिटला. उजवा डोळा धाकटीनं भरला.