पंचवीस सीसीची कैफियत

मित्रांनो, मी जुनी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या अंगावरचा उडालेला केशरी रंग बघून नंतर कुणी नाक मुरडायला नको. मी लाकूड कापायची, पेट्रोलवर चालणारी मशीन आहे. दुकानात मला चेनसॉ म्हणत, बदलापूरच्या कुळगावातल्या आमच्या घरी मला नुसतं कटर म्हणतात. माझं इंजिन पंचवीस सीसीचं, म्हणजे लहानच. पुढे फूटभर लांब पोलादी पट्टी आणि तिच्या कडेने गरगर फिरणारी दातांची चेन. दसऱ्यापासून मी 'हिच्यात दम नाही' हे एकच वाक्य ऐकत आले आणि तोंडात एवढे दात असून मला एक शब्द बोलता आला नाही. आता मात्र बोलणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. खोक्यातून बाहेर आले तेव्हा मी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका दुकानाच्या फळीवर होते. शेजारी पाण्याच्या मोटारी आणि फवारणीचे पंप, समोरच्या गाळ्यात जीन्स शिवणाऱ्या मशिनींचा खडखडाट. येणारं गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, हसायचं आणि मोठी मशीन दाखवा म्हणायचं.

एके दिवशी जनी आली. पन्नाशीची बाई, हातांवर चुलीच्या चटक्यांचे जुने डाग. ती लग्नातल्या हळदीच्या ऑर्डरी घ्यायची, तांदळाच्या भाकऱ्यांच्या. आमच्याकडे आगरी घरात हळद असली की सगळा गाव जेवायला असतो आणि भाकरी चुलीवरचीच लागते. गॅसवरची दिली तर पाहुणे जेवतात, पण हात धुताना टोमणा मारून जातात. म्हणून जनीला रोज फोडलेलं लाकूड लागे.

सिंधी दुकानदाराने तिच्यापुढे मोठी मशीन ठेवली. "भाभी, बडा ले जाओ, जिंदगीभर का काम," तो म्हणाला.

जनीने ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मग मला उचललं, खांद्यापर्यंत नेलं, दोन्ही हातांनी आडवी धरली. "हीच द्या," ती म्हणाली. "मना रोज उचलायची हाय. कोनाची वाट बघत बसायची नाय."

मला कुणी पसंत केलं ते असं. त्या दिवसाचा अभिमान मला अजून आहे.

त्यानंतरची चार वर्षं सुखाची गेली. कुळगावाच्या चारी बाजूंनी इमारती उठत होत्या, झाडं पडत होती. मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या फांद्या आमच्या मागच्या अंगणात येऊन पडायच्या. सकाळी भांडी आवरली की जनी साडीचा पदर खोचायची, ऑईल मिसळलेलं पेट्रोल माझ्या पोटात ओतायची आणि दोरी ओढायची. तिसऱ्या ओढीला मी सुरू. तासाभरात चार दिवसांचं सरपण तयार. आजूबाजूच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून बघत. कुणी म्हणे, जनीला पुरुषाची गरजच उरली नाही. जनी हसून पुढचं लाकूड ओढी.

फक्त चेन तिच्याकडे नव्हती. तो तिच्या नवऱ्याचा, चंदरचा प्रांत. चंदर अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळ्यांवर जातो. चेन काढणं, धारवाल्याकडे नेणं, परत बसवणं ही कामं त्याची. "चेनीला हात लावू नको, बोट जाईल," असा त्याचा घरात कायदा होता आणि जनीने तो पाळला. मीही त्या कायद्यावर खूश होते. पुढे त्या कायद्यानेच घात केला.

गेल्या दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडली. कोयता, कुऱ्हाड, पाना आणि मी. चंदरने माझी चेन काढली, रॉकेलने धुतली, उन्हात वाळवली. सगळं प्रेमानं केलं, यात शंका नाही. पण बसवताना चेन उलटी बसवली. चेनीचं हेच तर वाईट आहे, मित्रांनो. ती उलटीही तेवढीच छान बसते. पट्टीच्या वरच्या कडेच्या दातांनी टोकाकडे बघायला हवं, माझे तिथले दात माझ्याच इंजिनाकडे बघू लागले. माझ्या झाकणावर दातांची दिशा दाखवणारं एक छोटं चित्र आहे. चंदरने तेलात शेंदूर कालवून स्वस्तिक काढलं ते नेमकं त्या चित्रावर. पूजेचा शेंदूर पुसायचा नसतो. म्हणून तो कुणी पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी जनीने मला सुबाभळीच्या फांदीवर ठेवलं. चेन फिरली, धूर निघाला, लाकूड काळं पडलं, पण कापलं काही जाईना. एरवी माझ्यातून जाड भुसा उडतो, त्या दिवशी पिठासारखी बारीक पूड पडत होती. लाकूड कापायचं सोडून मी ते भाजत होते! जनी जोर लावून दाबत राहिली आणि तिचं कोपर दुखू लागलं. मी आतल्या आत ओरडत होते की बाई, दाबू नकोस, झाकण उघड.

"धार गेली असंल," चंदर म्हणाला. चेन काढली, धारवाल्याकडे नेली, परत आणली. आणि जशी काढली होती तशीच, अगदी काळजीपूर्वक, पुन्हा उलटी बसवली. असं दोनदा झालं. तक्रार करायची तरी कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

तिसऱ्यांदा धूर निघाला तेव्हा निकाल लागला. "हिच्यात दम नाय राह्यला," चंदर म्हणाला.

त्यांचा मुलगा दिपेश जीन्सच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर असतो. त्याने मोबाईलवर बघायला सुरुवात केलीच होती. "पप्पा, पंचवीस सीसीमध्ये काय होणार? खेळणं आहे ते. अठ्ठावन्न सीसी घेऊ. बावीस इंची पट्टी. एकदम कडक काम करते."

"मना उचलंल का?" जनीने विचारलं.

"अगं आई, मी आहे ना. पप्पा आहेत. तू कशाला उचलतेस?"

जनी गप्प बसली. मला तिचा राग आला, खरं सांगते. ज्या बाईने दुकानात ठासून सांगितलं होतं की कुणाची वाट बघायची नाही, ती आज गप्प का बसली? पण तिचं कोपर महिनाभर ठणकत होतं. आपलंच चुकतंय, असं तिलाही वाटू लागलं होतं.

दिपेशने मला गोणीत घातलं आणि जुन्याच्या बदल्यात काही कमी होतं का बघायला त्याच दुकानात नेलं. माझी आशा पालवली. म्हटलं, हा तर जाणकार माणूस, झाकण उघडेल, बघेल, हसेल आणि दोन मिनिटांत चेन फिरवेल. दुकानदाराने मला गोणीतून काढलं. शेंदराचं स्वस्तिक बघितलं आणि हात जोडले.

"पूजा का माल है साईं, ये मैं नहीं खोलूंगा. घर में रखो. और बडावाला ले जाओ."

एवढ्या भक्तिभावाने माझं कुणी वाटोळं केलं नव्हतं.

अठ्ठावन्न सीसी घरी आली आणि मी पडवीच्या फळीवर गेले. त्या मशीनबद्दल मी वाईट बोलणार नाही. ती मोठे बुंधे कापायलाच जन्मली आहे, तिला फांद्या कापायला आणणाऱ्यांनी विचार करायचा होता. वजन माझ्या दुप्पट. दिपेशने पहिल्या रविवारी हौसेने दोन ओंडके कापले, फोटो काढला आणि खांद्याला मलम लावून झोपला. नंतरचे दोन रविवार त्याला काम निघालं. चंदरची रात्रपाळी लागली, दिवसा तो झोपायचा. अंगणातला फांद्यांचा ढीग वाढत गेला. जनी रोज ढिगाकडे बघायची, मग चुलीकडे बघायची आणि कोयत्याने काटक्या तोडत बसायची.

अशात भागीरथीचा फोन आला. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहणारी, जनीच्या ओळखीची. तिच्या मुलीची, किर्तीची हळद पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी होती आणि भाकऱ्या जनीच्याच हव्या होत्या. हंगामातली सर्वांत मोठी ऑर्डर. जनीने हो-नाही सांगायला दोन दिवसांची मुदत मागितली.

गुरुवारी दुपारी ती एकटी अंगणात गेली आणि तिने मोठी मशीन उचलली. गुडघ्यापर्यंत आली. दोरी ओढली, दोरी अर्ध्यात अडली. पुन्हा ओढली. मशीनचं टोक मातीत टेकलं आणि जनीचा तोल गेला. आवाजाने चंदर उठून बाहेर आला.

"ठेव ती खाली! मरशील. बस झाल्या भाकऱ्या. वय झालं, तुज्यात आता दम नाय."

मी फळीवरून ऐकलं. ते वाक्य मला पाठ होतं, पण ते माणसालाही म्हणतात हे मला माहीत नव्हतं. जनीने मशीन ठेवली, हात धुतले आणि फोन लावला. "भागीरथी, नाय जमनार गं," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं तेवढं भंगार म्हटल्यावरही वाटलं नसतं.

रविवारी दिपेशला अपराधी वाटलं असावं. त्याने मोठी मशीन काढली. बारीक फांदी चेनीत अडकली, उडाली, आणि चेन पट्टीवरून उतरली. त्याला ती परत बसवता येईना. त्याने मोबाईलवर व्हिडिओ लावला. जनी शेजारी लसूण सोलत बसली होती. व्हिडिओतला माणूस मोठ्याने सांगत होता, "ऊपर के दांत आगे की तरफ होने चाहिए. उलटा लगाओगे तो मशीन सिर्फ धुआं देगी, काटेगी नहीं."

जनीचा हात थांबला. "काय बोलला तो? परत लाव," ती म्हणाली.

दिपेशने परत लावला. जनी उठली, पडवीत आली आणि मला खाली काढलं. घरातला कायदा मोडून तिने माझ्या चेनीवर बोट ठेवलं. मोबाईलमधल्या चेनीशी माझे दात ताडून बघितले. मग ती इतकी शांतपणे बोलली की मी घाबरले. "दिपेश, पप्पांना उठव."

चंदर डोळे चोळत आला. बघितलं, पुन्हा बघितलं. "माज्या हातून कशी उलटी बसंल?" तो म्हणाला. मग म्हणाला, "देवाचा शेंदूर व्हता वर, म्हणून…"

जनीने पाना घेतला. दोन नट काढले, चेन फिरवली, झाकण लावलं. पेट्रोल भरलं. तिसऱ्या ओढीला मी सुरू झाले. सुबाभळीची फांदी दोन श्वासांत खाली पडली आणि जाड, ओला, पिवळा भुसा जनीच्या पायांवर उडाला. मी इतक्या आनंदात कधीच ओरडले नव्हते.

तिने मला बंद केलं आणि भागीरथीला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. जनी म्हणाली, "शुक्रवारीच दिलीस काय दुसरीला? नाय नाय, तुजी चूक नाय." फोन ठेवून तिने पुन्हा दोरी ओढली आणि पुढची फांदी घेतली. मग त्याच्या पुढची.

"ऑर्डर तर गेली. मंग आता कशाला कापतंस?" चंदरने विचारलं.

"ऑर्डर गेली," जनी मला न थांबवता म्हणाली. "माजं हात नाय गेलं."

चंदर खाली वाकून कापलेली लाकडं भिंतीशी रचू लागला.

तर मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. मशीन चालेनाशी झाली की दुसरी, मोठी आणायला धावू नका. आधी ती उघडून बघा, आपणच काही उलटं बसवलेलं असतं. देवाला नमस्कार करा, पण दिशेचं चित्र झाकू नका. तुमच्यात कुणी लहान असेल, तर मला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि घरातल्या एखाद्या बाईला कुणी 'आता बस झालं' म्हणत असेल, तर तिला एकदा विचारून बघा, की तिचं काय अडलंय. जनीला ते कुणीच विचारलं नव्हतं.