उजेडाची वायर

बोरी अरबच्या एका लग्नात गोविंदा शिडीवर चढून भोंगा बांधत होता, तेव्हा मांडववाल्याने खालून हाक मारली.

"गोविंदाभाऊ, खाली या. दिग्रसहून फोन आला."

"गाठ मारून येतो."

"राहू द्या न गाठ, भाऊ."

तरी गोविंदाने सुतळी आवळली आणि मगच उतरला. त्याची बायको नलू दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात कापूस उचलता उचलता खाली बसली होती, ती परत उठली नव्हती.

त्या सालांत कापसाला भाव नव्हता. जिनिंग कधी चाले, कधी बंद राही. लग्नंही साधीच होत, म्हणून गोविंदाच्या साउंड सर्व्हिसलाही काम कमीच. नलू मात्र गायची. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या आवाजात बोलून तिचा गळा मोठा झाला होता. बुद्धविहारात गाणी तीच उचलायची आणि स्वतःही जोडायची. भाचा प्रफुल्ल यवतमाळला टीव्ही दुरुस्त करायचा. त्याने दिग्रसला येऊन नलूच्या घरीच तिची गाणी रेकॉर्ड करून एक सीडी बनवली होती. त्याचा कॉम्प्युटर पुढे बिघडला, उरली ती एवढीच सीडी.

तिला जाऊन वर्ष झालं, तेव्हा विहारात वंदनेनंतर ती लावायचं ठरलं. सीडी घासलेली होती, गोविंदाचा जुना प्लेअर सोडून कुठल्याच प्लेअरवर चालत नव्हती. आणि त्या प्लेअरचा नेहमीचा आवाजाचा जोड विजेच्या झटक्यात जळला होता. म्हणून प्रफुल्लने आधीच एक छोटा डबा, कन्व्हर्टर, त्याच्या वायरीसकट पाठवून दिला होता. प्लेअरमधला डिजिटल आवाज त्यात जायचा आणि साधा होऊन अॅम्प्लिफायरला मिळायचा.

बाया येऊन बसल्या, प्रफुल्लही यवतमाळहून आला होता. गोविंदाने बटन दाबलं. सीडी फिरत होती, पण स्पीकर मुका.

त्याने डब्यातून त्या वायरीचं टोक काढून त्यावर बोट टेकवलं. आयुष्यभर तो असाच वायर तपासत आला होता. घूं असा आवाज आला की वायर जिवंत.

"घूं बी करून नाही राह्यली," तो म्हणाला.

"ह्यात घूं येत नाही, मामा," प्रफुल्ल उठून जवळ आला. "ह्यातून उजेड जाते."

"वायरीतून उजेड?"

"पाहा न."

प्रफुल्लने प्लेअरमागचं टोक उपसलं. भोकात लाल ठिपका दिसला. टोक परत बसवून त्याने दुसरं टोक तळहाताच्या आडोशाला धरलं. तिथे उजेड नव्हता. मग तो वायर चाचपत गेला आणि मधेच थांबला. तिथे वायर मुडपली होती.

"मामा, हिले गाठ मारली होती काय?"

"कोपरावर गुंडाळली, मंग गाठ मारून ठेवली. सगळ्याच वायरी तशा ठेवतो मी."

"आतून मोडली ती."

गोविंदा वायरीकडे पाहत राहिला. जिनिंगमधली नलूची सोबतीण इंदुताई मागून म्हणाली, "नलूच म्हने, माह्या घरवाल्याच्या हातात सुतळी देऊ नका, बाई, मलेबी बांधून ठेवन."

बाया हसल्या. गोविंदाही थोडा हसला.

"तिले बांधता आलं असतं तं..." असं म्हणत त्याने मोडलेली वायर बाजूला ठेवली.

प्रफुल्लने प्लेअरच्या मागे पाहिलं. "हे गोल भोक बी डिजिटलच आहे, मामा. टीव्हीची पिवळी वायर आहे काय? ती चालते."

गोविंदाने पेटीतून ती काढली. प्रफुल्लने ती जोडली, कन्व्हर्टरवरचा खटका दुसऱ्या बाजूला सरकवला. हिरवा दिवा लागला.

आणि नलू गायला लागली.

बायांनी टाळ्या धरल्या. एकामागून एक गाणी झाली. शेवटचं गाणं तिचं स्वतःचं, नवीन होतं. त्याचं एक कडवं झालं आणि सीडीतच जिनिंगच्या पाळीचा भोंगा वाजला.

"उरलेलं आल्यावर म्हनतो, प्रफुल्ल," नलूचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या, दार वाजलं, आणि सीडी थांबली.

गोविंदाने विचारलं, "इंदुताई, पुढचं येते काय तुमाले?"

"नाही, भाऊ. कोनालेच नाही शिकवलं तिनं."

गोविंदाने वायरी गोळा केल्या. पिवळी वायर त्याने सैल गोल करून, गाठ न मारता पेटीत ठेवली.

नलूच्या त्या गाण्याचं पुढचं कडवं राहिलं आहे.