डॉक्टरांच्या खोलीतली डुगडुगणारी खुर्ची

मित्रांनो, या, बसा. पण जरा जपून, कारण मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे आणि माझा मागचा डावा पाय आखूड आहे. त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. का, ते सांगते.

नाशिक रोडच्या कोंडाजी मिस्त्रींनी मला घडवलं, पॉलिश केलं आणि कौतुकाने आधी स्वतःच बसून पाहिलं. तिथून मी थेट फोटो स्टुडिओत गेले. काय थाट होता माझा! नवी नवरी, बारशाचं बाळ, नोकरीतून निवृत्त होणारे काका, सगळ्यांना माझ्यावरच बसून फोटो हवा असायचा. फोटोग्राफर ओरडायचा, "हसा!" सगळे हसायचे, आणि फोटो निघाला की पुष्कळांचं हसू तिथल्या तिथे मावळायचं. मला वाटायचं, माणसं अशीच हसतात.

मग प्रत्येकाच्या हाती मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. उंदीर सोडले तर कुणी विचारपूस केली नाही. शेवटी डॉ. तृप्ती यांनी मला आपल्या दवाखान्यासाठी नेलं. टेम्पोतून उतरवताना पायाचा टवका उडाला, तो तेव्हाच.

तृप्ती मॅडम मनाच्या डॉक्टर. मन काही नळी लावून ऐकू येत नाही. म्हणून माणूस दारातून आत आला की त्या बघायला लागतात: चाल कशी आहे, केस विंचरलेत का, आवाज चढा आहे की खोल गेलाय. मग गप्पा मारल्यासारखं विचारतात, झोप लागते का, आज वार कोणता, कशात मन रमतं. "हसा" मात्र कुणालाच म्हणत नाहीत. सुताराला बोलवायचं राहून गेलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की माझं डुगडुगणंही कामाचं आहे. कुणी लगेच तक्रार करतं, कुणी घाबरून माझे हात घट्ट धरतं, कुणी मजेत झुलतं, तर कुणाला पत्ताच नसतो. एवढ्यावरून मॅडम काही ठरवत नाहीत, पण ध्यानात ठेवतात. झाले की नाही मी त्यांची मदतनीस?

एकदा अंबूबाई आल्या. शहराजवळच्या मळ्यात शेवंती पिकवणाऱ्या, बाजारात आवाज दुमदुमवणाऱ्या बाई. पण माझ्यावर बसल्या त्या नुसत्या ठेवल्यासारख्या. मी चांगली डुगडुगले, त्यांना कळलंही नाही. बोलत होता त्यांचा मुलगा, धनराज.

"म्हातारपणाचं विसरणं हे, मॅडम. जेवली का तेबी सांगत नाय. आता काय सुधरत नाय ती. तिचा शेवंतीचा वाफा मोडून टाकतो म्हणलं, बघणार कोण?"

मॅडमनी अंबूबाईंना काहीही विचारलं की उत्तर धनराजच द्यायचा. प्रेमाने द्यायचा बिचारा, पण द्यायचा. मॅडमनी त्याला गोडीत बाहेर बसवलं.

"अंबूबाई, तीन शब्द लक्षात ठेवा. शेवंती, कुलूप, बस." थोड्या वेळाने त्यांनी ते परत विचारले.

"नाय आठवत."

मॅडम थांबल्या. माझा जीव टांगणीला लागला. धनराजचं खरं निघालं तर?

"एक फूल होतं बघा," मॅडम हळूच म्हणाल्या.

अंबूबाईंनी मान वर केली. "शेवंती." मग डोळे भरून आले. "तिला पाणी कोण घालतंय, काय माहीत. मला उठावंसंच वाटत नाय, बाई."

मॅडमनी धनराजला आत बोलावलं. "रक्ताच्या तपासण्या करूच. पण जराशी खूण दिली की त्यांना आठवतं, म्हणून मला हे म्हातारपणाचं विसरणं वाटत नाही, हा उदासीचा आजार आहे. औषधाने माणूस बरा होतो. वाफा मोडू नका."

धनराज खाली बघत म्हणाला, "आजपासून मी रोज पाणी घालतो, मॅडम."

काही आठवड्यांनी दारातून आधी शेवंतीचा वास आला, मग अंबूबाई. केसांत गजरा. ऐटीत माझ्यावर बसल्या आणि दचकल्या.

"अगं बया! ही खुर्ची डुगडुगती की!"

मॅडमचा चेहरा खुलला. "गेल्या वेळीही डुगडुगत होती, अंबूबाई."

"गेल्या येळी मी होतेच कुठं इथं!" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. मॅडम हसल्या, धनराज हसता हसता डोळे पुसायला लागला. "हसा" कुणीच म्हणालं नव्हतं. काय सांगू, आनंदाने माझे सांधे करकरले! मग अंबूबाईंनी पिशवीतली चिंधी काढली, घडी घातली आणि माझ्या पायाखाली सरकवली.

मित्रांनो, माझं एक ऐका. घरात कुणी गप्प गप्प झालं, तर "हस की" म्हणू नका आणि त्यांच्या वतीने उत्तरंही देऊ नका. शेजारी बसा, विचारा, थोडं थांबा. तरीही गप्पच राहिले, तर हात धरून डॉक्टरांकडे न्या. ताप आल्यावर नेता, तसंच.

ती चिंधी मॅडमनी टेबलाच्या खणात जपून ठेवली आहे. मी पुन्हा डुगडुगते आहे. आत्ताच एक आजोबा येऊन बसलेत, अगदी गप्प. ते माझी तक्रार कधी करतात, याची मी वाट बघते आहे.