भोकं मी सरळच पाडली

मी पंचिंग मशीन बोलतोय, आणि मला बोलायची अजिबात हौस नाही. शाळेतली पोरं निबंधात फाटक्या छत्रीला बोलायला लावतात, पुतळ्याला लावतात, खडूलाही सोडत नाहीत. त्या बिचाऱ्यांना मार्क पाहिजे असतात. तुम्हाला काय पाहिजे? डोक्यावर पाण्याचा माठ ठेवलेल्या म्हाताऱ्याला 'सांगा ना, सांगा ना' म्हणून डिवचायचं, ही कुठली रीत? पण विचारलंच आहे तर ऐका. मधे बोलू नका.

आधी मी कोण ते सांगतो, कारण आताच्या पोरांना मी शिवणयंत्र वाटतो. पुठ्ठ्याचं पातळ कार्ड माझ्यात सरकवायचं आणि समोरच्या बटणांवर टायपिंग करायचं. बटण दाबलं की मी कार्डात भोकं पाडायचो. खटाक. कॉम्प्युटर ती भोकं वाचायचा. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, म्हणजे मोठा प्रोग्राम म्हणजे कार्डांचा भला मोठा गठ्ठा. मी स्वतः अडाणी. भोकं पाडायची एवढंच येतं, ती काय म्हणतात ते मला कळत नाही. पण भोक सरळ पडलं की वाकडं, एवढं कळतं. माझं वाकडं पडत नव्हतं.

माझे भाग विलायतेचे, जोडणी मुंबईची. सत्तर-एकाहत्तरचं साल असेल. एका मोठ्या कचेरीत आम्ही मशीनं ओळीनं बसलेली, आणि आमच्यासमोर ओळीनं पोरी. डबा खाताना त्या लग्नाच्या गोष्टी बोलायच्या आणि काम करताना साहेबाच्या. दहा-बारा वर्षं बरी गेली. मग टीव्हीसारख्या काचेची मशीनं आली आणि आम्हाला लिलावात काढलं. शेजारचा भंगारात गेला. मला नाशिकच्या कारभारी सरांनी उचललं. मला वाटलं, वाचलो.

कारभारी सरांचा रविवार कारंजा चौकाजवळ टायपिंगचा क्लास होता, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खाली तांब्या-पितळेवर ठोके, वर टाइपरायटरवर ठोके. तेव्हा शहराबाहेर अंबडला कारखाने वाढत होते, आणि त्यांच्या ऑफिसात आता कॉम्प्युटर येणार अशी हवा गावात होती. सरांनी मला जिन्यावरून वर चढवलं आणि पाटी बदलली. 'कॉम्प्युटर प्रोग्रामिंग. नोकरीची हमखास संधी.' क्लासात कॉम्प्युटर नव्हता. मी होतो.

ह्याला काय म्हणायचं? पोहायचा क्लास नाशिकला आणि विहीर मुंबईला! पोरं कागदावर प्रोग्राम लिहायची, माझ्यावर कार्डं पाडायची. सर गठ्ठ्यांना रबर लावून पेटीत भरायचे आणि सकाळच्या गाडीनं मुंबईला न्यायचे. तिथं एका ठिकाणी भाड्यानं कॉम्प्युटरवर वेळ मिळायचा. काही दिवसांनी लांबलचक कागद परत यायचा, त्याच्यावर नुसत्या चुका. मग पुन्हा कार्डं, पुन्हा पेटी, पुन्हा गाडी. ज्याच्याशी बोलायला शिकायचं त्या कॉम्प्युटरचं तोंड एकाही पोरानं पाहिलं नव्हतं.

सर वाईट नव्हते, पण हाडाचे टायपिंगवाले. त्यांच्या लेखी प्रोग्रामिंग म्हणजे जरा महागडं टायपिंग. हातात घड्याळ धरून ओरडायचे, "बोटं चालवा, बोटं! नोकरी बोटात आहे!" पोरं मग डोकं बाजूला ठेवून धडाधड बटणं दाबायची. सगळ्यात जलद चुकणाऱ्याला सर शाबासकी द्यायचे. प्रोग्रामच्या चार भागांची इंग्रजी नावं पोरांकडून उभं राहून म्हणून घ्यायचे, पाढे म्हणावेत तशी. काय म्हणतोय ते म्हणणाऱ्याला कळत नव्हतं, ऐकणाऱ्याला कळत नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

लासलगावच्या कांदाव्यापाऱ्याचा मुलगा गोरक्ष पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, ह्यो उद्याचा कांद्याचा भाव सांगंल का?"

"आधी तू त्याला आजचा सांग," सर म्हणाले.

"आजचा मला ठावंच हाय की. मग ह्याला कशाला पोसायचा?"

सरांनी त्याला खाली बसवलं.

ह्या सगळ्यांत लता वेगळी. ती बटण दाबायच्या आधी विचार करायची, म्हणून सरांच्या हिशेबी ती ढ. बी.कॉम. झालेली, वडील सहादू अंबडच्या एका कारखान्यात कामगार. घरी ठरलं होतं की दिवाळीच्या आत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर कळवणच्या स्थळाला होकार द्यायचा. मुलगा शिक्षक होता, चांगला होता म्हणे. पण मुलाच्या आईनं बघण्याच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं, "आमच्या घरात सुना बाहेर कामाला जात नाहीत बरं का." हे लता गोरक्षला सांगत होती आणि हात माझ्यावर चालू होते. त्या दिवशी तिनं बटणं जरा जोरात दाबली. मी सोसली.

कारण ती मला सांभाळायची. भोकांचा बारीक भुसा माझ्यात साचायचा. बाकीचे फुंकर मारून मोकळे व्हायचे. ती काडीला कापूस गुंडाळून कानाकोपऱ्यातला भुसा काढायची. "चला बाबा, तोंड उघडा," म्हणायची. मुंबईच्या त्या पोरींच्या ओळीतही मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर अंबडच्या एका कंपनीनं सरांना निरोप पाठवला. आम्हाला एक शिकाऊ प्रोग्रामर पाहिजे. तुमच्या विद्यार्थ्यांकडून कामगारांच्या पगाराचा प्रोग्राम करून घ्या, तो कॉम्प्युटरवर चालवून दाखवा. ज्याचं काम चोख, त्याला घेऊ. कंपनीचे साहेब दसरा झाल्यावर क्लासात येणार होते.

लताला कारखान्यातला पगार काय असतो हे घरातच दिसत होतं. खाडे, जादा काम, कापलेला फंड. तिनं कागदावर प्रोग्राम लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग सावकाश माझ्यावर कार्डं पाडली. एकेक कार्ड उजेडाला धरून बघितलं. सर मागून म्हणाले, "लताबाई, ही कार्डं आहेत, स्थळं नव्हेत. इतकं काय निरखताय?" पोरं हसली. ती हसली नाही. भोक न् भोक जिथल्या तिथं होतं, आणि तशी साक्ष द्यायला मी आजही तयार आहे.

गठ्ठे तयार झाले आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी नाशकात जे जे म्हणून पोट भरतं त्याची पूजा होते. लेथला हार, ट्रकला हार, खालच्या दुकानातल्या हातोड्यांना हार. सरांनी मलाही झेंडूचा हार घातला. तेवढ्यावर थांबायचं ना! त्यांनी पाट मांडला, त्यावर सगळे गठ्ठे ठेवले. "ह्यात तुमचं भविष्य आहे," म्हणाले आणि वाटीत हळदकुंकू कालवलं.

लता पुढं आली. "सर, कार्डांना ओलं नका लावू. कार्ड फुगलं तर कॉम्प्युटर घेणार नाही. पुस्तकात लिहिलंय तसं."

सर हसले. तसलं हसू मला आवडत नाही. "तुमच्यात करत नसतील लताबाई. आमच्यात करतात. जरा बाजूला व्हा."

गोरक्ष हळूच म्हणाला, "ताई, जाऊ दे. पेढा घे." ती बाजूला झाली. पेढा घेतला नाही.

सरांनी प्रत्येक गठ्ठ्याला ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या. तांदूळ कार्डांच्या फटीत गेले. फुलानं पाणी शिंपडलं. मी ओरडलो असतो, पण माझं बटण कुणी दाबलं नव्हतं.

दसऱ्यानंतर सर पेटी घेऊन मुंबईला गेले आणि तोंड पाडून परत आले. तिथल्या कार्ड वाचायच्या मशीनमध्ये पहिलाच गठ्ठा अडकला. मग दुसरा. मशीनमधून तांदूळ निघाले. तिथल्या माणसानं पेटी सरांच्या हातात दिली आणि म्हणाला, "घरी जाऊन खिचडी करा." नवी कार्डं पाडायला वेळ लागला नसता, माझी तयारी होती. पण मुंबईतली पुढची वेळ मिळायची ती दिवाळीनंतरच. सरांनी पोरांना दम दिला, "हळदकुंकवाचं तोंडातून काढायचं नाही. सर्टिफिकिटावर सही माझी असते, लक्षात ठेवा."

साहेब स्कूटरवरून आले. कंपनीचा माणूस, शर्टाला पेन, वागणं साधं. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दाखवा." दाखवायला काहीच नव्हतं. सर रुमालानं मान पुसत राहिले. साहेबांनी मग लताच्याच हातातला कागद मागितला, प्रोग्राम लिहिलेला. शांतपणे वाचला. मान हलवली. आणि विचारलं, "कागदावर तर बरोबर दिसतंय. मग चालला का नाही?"

लतानं सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बोल पोरी. तू बोलशील. हळदकुंकवाच्या वेळीही तूच बोलली होतीस.

"सर," ती साहेबांना म्हणाली, "मशीन फार जुनं आहे. भोकं सरकतात."

साहेब उठले, माझ्याजवळ आले, माझ्या टाळक्यावर बोटांनी टकटक केली. "हं. भंगारच आहे." कागदाची घडी खिशात घातली आणि तिला सोमवारी भेटायला बोलावलं. दिवाळीच्या आत तिला नोकरी लागली. कळवणचं स्थळ राहून गेलं. सरांनी क्लासात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी माझी वायर काढली. साहेबांनीच भंगार म्हटल्यावर मला कोण हात लावणार? मला जिन्याजवळच्या बोळात सरकवलं. डोक्यावर माठ आला. माठ पाझरतो. बटणं गंजून एकमेकांना चिकटली. आता नव्वद साल तोंडावर आलंय. आतल्या खोलीत खरे कॉम्प्युटर आलेत, गार हवेत बसतात, त्यांच्यासाठी पोरं चपला बाहेर काढतात. त्या चपला माझ्या पायाशी.

गेल्या महिन्यात क्लासात समारंभ झाला. सर्टिफिकिटं वाटायला पाहुणी म्हणून लता आली. आता कंपनीत तिच्या हाताखाली माणसं आहेत. मी बोळातून ऐकत होतो. ती पोरांना म्हणाली, "तुम्ही नशीबवान. आमच्या वेळी एक खटारा मशीन होतं. भोकं सरकायची. माझा पहिला प्रोग्राम त्यानंच खाल्ला." पोरं हसली. कारभारी सर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मग ती पाणी प्यायला बाहेर आली. एकटी. माठातून पेला भरला आणि तिची नजर खाली गेली. ओळखलं तिनं मला. हात बटणांपर्यंत आला, थांबला. तिनं बोळात इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मी वाट बघितली. तिनं माझ्याच डोक्यावरचं पाणी प्यायलं, पेला उपडा घातला आणि जिना उतरून गेली.

सरांची माफी मला नको. आपण चुकलो हेच त्यांना ठाऊक नाही, त्या माफीला काय चव? साहेबाचंही काही नाही, तो ऐकलं ते बोलला. आणि तिला नोकरी मिळाली हे बरंच झालं. कळवणला जाऊन मनात कुढत बसली असती तर मला काय सुख होतं? त्या दिवशीचं खोटं पोटासाठी होतं, ते मी कधीच सोडून दिलं. पण आता कुणाचं भय होतं? सही तिच्या हातात, खुर्ची तिच्या हातात, बोळ रिकामा. दोन शब्दांचं काम होतं.

तुम्ही कधी अंबडकडे गेलात तर तिला एवढंच सांगा की म्हातारा अजून बोळात आहे आणि त्यानं भोकं सरळच पाडली होती. लग्न झालं असेल तर नंतरचं नाव मला माहीत नाही. माझ्यासमोर बसायची तेव्हाचं सांगतो. लता सहादू गांगुर्डे.