ऑरिनला सोडायला गेलो

आमच्या बफेलोच्या बेसबॉल संघाला जनरल मॅनेजर मिळत नव्हता. मिळणार तरी कसा? संघाचे अध्यक्ष डनलीव्ही आणि मालकांचे जावई प्रेस्टन, दोघांनाही दुसऱ्याच्या पातेल्यात डाव घालून ढवळायची भारी हौस. मुलाखतीला आधी आलेले दोघे परत गेले ते फोनच उचलेनासे झाले. तिसरा ऑरिन पेल. त्याचं नाव मीच सुचवलं होतं.

ऑरिन आणि मी तरुणपणी एकाच खटारा गाडीतून गावोगाव हिंडलो, पोरांचे सामने बघून खेळाडू हेरायला. मग तो पश्चिमेकडच्या संघात गेला, मोठा झाला. मी इथेच हेर राहिलो. माझी बायको मार्था गेल्यापासून घरात माझ्याशी बोलतो तो रेडिओ. ऑरिन आला तर शेजारी बसून सामना बघायला कुणीतरी असेल, खोटं कशाला बोलू? रात्री मुक्काम करेल म्हणून त्याच्या आवडीचे बटाट्याचे पिरोगीही, म्हणजे सारण भरलेल्या उकडायच्या करंज्याच, आणून ठेवले होते.

मुलाखत जेवणाच्या टेबलावर झाली. मलाही बसवलं होतं, शोभेला.

"मुख्य कोच आम्ही गेल्याच आठवड्यात नेमून टाकला," डनलीव्ही म्हणाले. "तेवढाच तुमचा त्रास वाचला."

म्हणजे वरातीमागून घोडं. मी आपला बशीत बघत राहिलो.

"आणि खेळाडूंची अदलाबदल?" ऑरिनने विचारलं.

"ती तुमचीच की. फक्त आधी आम्हा दोघांच्या कानावर घालायची."

"आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

"अहो, आपण एकाच घरातले," जावईबापू म्हणाले. "पिचर मात्र मी सुचवीन. मला त्यातलं कळतं."

या गृहस्थांनी आयुष्यात चेंडू फेकला असेल तो घरच्या कुत्र्याला.

ऑरिन मुक्कामाला थांबला नाही. विमानतळाच्या वाटेवर बर्फ पडत होता.

"नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा," तो हसला. "पण कॅझ, तू असशील तर करीन मी सहन. दोघं मिळून सांभाळू या दोघांना. बोल, येऊ?"

"ये" अगदी ओठांवर आलं होतं. पण मला आधीचा मॅनेजर आठवला. याच दोघांनी त्याच्या नावावर खेळाडू आणले, ते आपटले आणि खापर फुटलं त्याच्या डोक्यावर. खोकं काखोटीला मारून तो निघाला तेव्हा दारापर्यंत सोडायला मी एकटाच होतो.

"येऊ नकोस," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मग तू का थांबलायस इथे, गाढवा?"

"घरी जाऊन काय करू?"

विमानतळ आला. उतरल्यावर खिडकीतून हात घालून त्याने माझा खांदा दाबला आणि बॅग उचलून आत गेला.

परतताना डनलीव्हींचा फोन आला. "काय म्हणाला तो?"

"नाही म्हणाला."

"विचित्रच माणूस. असो, उद्या चौथा येतोय. आणायला तूच जा, तुझं लोकांशी छान जमतं."

मी बरं म्हणालो. घरी आलो, पिरोगी उकडले. दोघांपुरते होते, सगळे मीच खाल्ले आणि रेडिओचा आवाज वाढवला.