जावयाने बसवलेली रॅक

माझी शाळा चौथीतच सुटली, पण लोखंडाला नवा रंग का फासतात ते मला कळतं. जावयाने आमच्या गोदामात रॅक उभी केली, सगळ्यांनी वाहवा केली. मी कडेला नखाने खरवडलं. बीमच्या निळ्याखाली नारिंगी निघाला, खांबाच्या निळ्याखाली हिरवा. म्हणजे खांब एका घरचे, बीम दुसऱ्या घरचे, आणि सोयरीक जुळवणारे आमचे जावईबापू.

बीमच्या टोकाला आकडे असतात, ते खांबाच्या खाचांत अडकवायचे. एक आकडा पुरता उतरलाच नव्हता.

"हा असा अधांतरी का?" मी विचारलं.

"आई, भार पडला की आपोआप बसतं ते."

भार म्हणजे फरशांची खोकी. आणि त्याच बीमखाली स्टुलावर बसून माझी लेक दिवसभर खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.

मी नातीची नखं रंगवायची बाटली उचलली, शिडीवर चढले आणि सांध्यासांध्यावर रेघ ओढली. अर्धी बीमवर, अर्धी खांबावर.

लेक हसली. "रॅकला नटवतेस होय गं?"

"नटवून तर तुझ्या नवऱ्याने आणलीय. मी फक्त तीट लावते."

खोकी चढली, आठवडा सरला. बाकीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. लेकीच्या डोक्यावरची तेवढी दुभंगली होती, बीमवरचा अर्धा तुकडा खाली घसरलेला, आकडा मात्र अजून अधांतरीच.

जावयाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "कुणाचा तरी हात लागला असेल."

"एवढ्या उंचावर? पालीचा लागला असेल."

"आई, तुम्ही उगाच संशय घेता. रॅक भक्कम आहे."

"असेल बाबा. आम्ही अडाणी." मी लेकीला उठवलं आणि स्टूल पुसून पुढे केलं. "बसा, जावईबापू. इथेच निवांत चहा घ्या."

त्याने कप घेतला. वर पाहिलं. "उभ्यानेच घेतो. कंबर धरलीय जरा."

"सकाळी तर मांडी घालून जेवलात."

कपातल्या चहावर साय धरली, तरी त्याने तोंडाला लावला नाही, अन् पाऊलही पुढे टाकलं नाही.

लेकीचं हसू कधीच मावळलं होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग हातातली चिठ्ठी खाली ठेवून तिने ते स्टूल उचललं आणि पार दाराशी नेऊन ठेवलं.

"आधी माल उतरवा," ती नवऱ्याला म्हणाली, "कंबरेचं मग बघू."